पडदा तसल्ली देतो, हकीकत कोण सांगणार?

टीव्ही हराम की हलाल, हा वाद आपल्या मोहल्ल्यांत आता फारसा कुणी घालत नाही. एके काळी घरात टीव्ही आणला म्हणून भावाभावांत अबोला व्हायचा, निकाहाचं शूटिंग ठेवलं म्हणून काझीसाहेब नाराज व्हायचे. आज बयान मोबाइलवर लाइव्ह होतं आणि ते ऐकायला काझीसाहेबच आपल्याला लिंक पाठवतात. वाद संपला खरा, पण मला वाटतं तो अर्धवट संपला. डबा घरात असावा की नसावा यावर आपल्या आधीच्या पिढीने खूप ताकद खर्च केली. त्या डब्यात आपण काय पाहतो, आणि पाहून झाल्यावर आपलं काय होतं, हा प्रश्न तसाच राहिला. १९६० साली स्वीडनच्या टीव्हीवर आलेल्या एका संगीतिकेत हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडला आहे, की तिची गोष्ट आपल्या पिढीने समजून घ्यावी असा माझा आग्रह आहे.

त्या संगीतिकेचं नाव ‘अनियारा’. ती मुळात एक दीर्घकाव्य आहे. स्वीडिश कवी हॅरी मार्टिनसन यांनी १९५६ साली १०३ गीतांचं हे अंतराळाचं महाकाव्य प्रसिद्ध केलं. कवी एरिक लिंडेग्रेन यांनी त्यावरून संहिता लिहिली, कार्ल-बिरियेर ब्लोमडाल यांनी संगीत दिलं आणि ३१ मे १९५९ रोजी स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात पहिला प्रयोग झाला. संगीतिका म्हणजे आपल्याकडचं संगीत नाटकच समजा, फरक इतकाच की यात संवादही बहुतेक गाऊनच म्हणतात. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक आर्ने आर्नबोम यांनी तिचं टीव्ही रूपांतर केलं.

स्वीडनमध्ये नियमित टीव्ही सुरू झाला १९५६मध्ये, आणि दुसरी वाहिनी आली ती थेट १९६९ अखेरीस. म्हणजे अनियारा दाखवली तेव्हा देशात एकच वाहिनी होती. त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला दोनच पर्याय होते. हे पाहायचं, नाहीतर टीव्ही बंद करायचा. ऑपेराच्या तिकिटाचा कधी विचारही न करणाऱ्या घरांपर्यंत एक अवघड, अस्वस्थ करणारी कलाकृती सार्वजनिक प्रसारण संस्थेने पोहोचवली. गॅगारिन अंतराळात जायला अजून अवकाश होता. तो गेला १२ एप्रिल १९६१ला.

गोष्ट अशी. किरणोत्साराने पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही. माणसांना मंगळावर नेणारी मोठमोठी यानं सुटतायत. त्यांतलं एक अनियारा. आत ८००० माणसं आहेत. सगळे निर्वासित. वाटेत एका लघुग्रहाला चुकवताना यान मार्ग सोडतं, त्याची यंत्रणा निकामी होते आणि ते सूर्यमालेबाहेर, स्वरमंडल तारकासमूहाच्या दिशेने जायला लागतं. वळणं शक्य नाही. थांबणं शक्य नाही. आत दिवे आहेत, अन्न आहे, नाचाचे हॉल आहेत. फक्त पोहोचण्याची जागा नाही.

या यानात मीमा नावाचं एक यंत्र आहे. विश्वात कुठे काय चाललंय ते पकडून लोकांना दाखवणं हे तिचं काम. ती माणसांनीच बनवलेली आहे, पण पुढे तिने स्वतःला इतकं घडवलं की बनवणाऱ्यालाही ती पूर्ण कळत नाही. लोक रोज मीमाच्या दालनात येतात, दूरदूरची सुंदर दृश्यं पाहतात आणि आपण कुठे आहोत हे थोडा वेळ विसरतात. हळूहळू लोक मीमाची भक्ती करू लागतात. तिची देखभाल करणारा तंत्रज्ञ मीमारोब हा या सगळ्याचा निवेदक आहे.

मीमाचा आवाज वाद्यवृंदातून काढायचा नाही, असं ब्लोमडाल यांनी ठरवलं. तिच्या प्रसंगांसाठी त्यांनी टेपवर ध्वनिमुद्रित केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत वापरलं. मोडलेले, ताणलेले मानवी आवाज आणि यंत्राचे आवाज एकमेकांत मिसळलेले. नाचाच्या प्रसंगांत जॅझ येतं, सामूहिक गायनात जुन्या चर्चसंगीताची आठवण येते, आणि मीमा बोलू लागली की समोर काहीतरी परकं उभं राहतं. आज आपल्याला सिंथेसायझरची सवय आहे. १९५९मध्ये राजेशाही ऑपेराच्या रंगमंचावर स्पीकरमधून असा आवाज येणं मोठी गोष्ट होती. हेच ब्लोमडाल पुढे १९६५मध्ये स्वीडिश रेडिओचे संगीतप्रमुख झाले आणि स्टॉकहोमचा प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ उभा राहिला तो त्यांच्याच पुढाकाराने.

मीमाची एक खासियत आहे. ती खोटं दाखवत नाही. सुंदर दाखवते तेही खरं, भयंकर दाखवते तेही खरं. एक दिवस ती डोरिसबर्ग शहराचा नाश दाखवते. यानातले लोक डोरिसच्या खोऱ्यातून आलेले आहेत. म्हणजे त्यांचं घरच त्यांच्या डोळ्यांसमोर जळतं. आणि ते दाखवता दाखवता मीमा स्वतः मोडून पडते. माणसाने माणसाचं जे केलं ते पाहणं तिला सोसत नाही. यंत्र शरमेने मरतं. माणसं जिवंत राहतात.

संगीतिकेचा उरलेला भाग म्हणजे मीमा गेल्यावर माणसं काय करतात त्याची कहाणी. कुणी नाचगाण्यात आणि देहसुखात बुडतात. कुणी नवे पंथ काढतात. रिंड नावाच्या ठिकाणाहून आलेली एक आंधळी कवयित्री गाते आणि लोक तिच्या गाण्यामागे जातात. यानाचा प्रमुख शेफोने हुकूमशहा होत जातो. प्रवासाला २० वर्षं झाली म्हणून समारंभ होतो. शेवटी एकेक करून सगळे मरतात आणि अनियारा ही ८००० माणसांची कबर बनून पुढे जात राहते.

एवढं निराश काव्य त्या काळी का सुचलं? मार्टिनसन यांनी १९५३च्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका पाहिली आणि त्यानंतर ही गीतं सुचू लागली, हे प्रसिद्ध आहे. पण आकाशाइतकंच कारण जमिनीवरही होतं. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या करत होते. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली आणि सगळं जग हादरलं. ही भीती स्वीडनसाठी परकी नव्हती. त्या वेळी स्वीडन स्वतः अणुबॉम्ब बनवण्याचा विचार करत होता. त्याविरुद्ध १९५८मध्ये तिथल्या लेखक-कार्यकर्त्यांनी कृतिगट उभा केला. बॉम्ब हवा की नको, यावर पक्षांत, वर्तमानपत्रांत, घराघरांत वाद चालू असताना अनियारा रंगमंचावर आणि मग टीव्हीवर आली. स्वीडनने बॉम्ब बनवला नाही. १९६८मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली. हे एका संगीतिकेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे चळवळ होती, राजकारण होतं, खर्चाचा हिशेब होता. पण जो समाज असा निर्णय घेतो, त्याने आधी भयंकर शक्यता डोळे उघडे ठेवून पाहिलेली असते. अनियारा त्या पाहण्याचा भाग होती.

मार्टिनसन यांच्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण ‘ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ असं आपल्यातले अनेक जण लगेच म्हणतील. हा माणूस १९०४चा. लहानपणी वडील वारले, आई मुलांना मागे ठेवून अमेरिकेला निघून गेली. गावाच्या खर्चाने परक्या शेतकऱ्यांच्या घरी राबत तो वाढला. पोरवयातच जहाजावर गेला, खलाशी झाला, बंदरोबंदरी भटकला. औपचारिक शिक्षण जवळपास नाही. तोच १९४९मध्ये स्वीडिश अकादमीचा सदस्य झाला आणि १९७४मध्ये त्याला नोबेल मिळालं, आयविंड यॉनसन यांच्याबरोबर विभागून. बेघरपणावर लिहिणाऱ्या या कवीने बेघरपण भोगलेलं होतं. यतीमखान्यातल्या, मामाच्या घरी राहून शिकणाऱ्या, बंद पडलेल्या यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेल्या आपल्या मुलामुलींना हा माणूस परका वाटायचं कारण नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक मीमा आहे. ती कशी चालते हे आपल्याला पूर्ण कळत नाही, बनवणाऱ्यांनाही कळतं की नाही कोण जाणे. ती आपल्याला तीन गोष्टी सतत दाखवते.

पहिली गोष्ट आपली बदनामी. रात्री नऊच्या चर्चेत एक दाढीवाला, एक टोपीवाला बसवायचा, त्याला ओरडायला लावायचं आणि तोच सगळा मुसलमान समाज म्हणून विकायचा. आपण चिडतो, क्लिप पुढे पाठवतो, खाली चार शिव्या लिहितो. चिडण्यात रात्र जाते.

दुसरी गोष्ट आपलं डोरिसचं खोरं. बगदादची ग्रंथालयं, कुर्तुबाच्या मशिदी, अल-ख्वारिज्मी, इब्न सीना, मागे भारदस्त आवाजातलं निवेदन. हा इतिहास खोटा नाही, तो माहीत असायलाच हवा. पण अल-ख्वारिज्मीचा व्हिडिओ पाहून गणितात नापास होणारा मुलगा पास होत नाही. यानातल्या प्रवाशांना खोऱ्याची आठवण खरीच होती, आणि त्या आठवणीचा यान वळवायला काहीही उपयोग नव्हता.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. गाझातली दृश्यं. कोसळलेल्या इमारती, ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं. मीमाने डोरिसबर्ग दाखवलं तसंच हे आहे. दूर घडणारं, खरं, आणि आपलं वाटणारं. फरक असा की मीमा ते दाखवून मोडली. आपला फोन मोडत नाही. त्या लेकराच्या खाली लगेच बिर्याणीची रेसिपी येते, मग क्रिकेट, मग एखादं बयान. आपण रडतो, दुआ करतो आणि अंगठा वर सरकवतो. मला भीती वाटते ती या अंगठ्याची. पाहून पाहून निबर झालेलं मन हे न पाहणाऱ्या मनाहून बरं असेलच असं नाही.

आणि शेफोने? तो तर प्रत्येक यानात असतो. लोक घाबरलेले आणि थकलेले असले की त्याचं फावतं. बाहेरच्या राजकारणात तो ‘हे लोक तुमच्या जिवावर उठलेत’ म्हणत मतं मागतो. आपल्या आतल्या राजकारणात तो ‘कौम खतरे में है’ म्हणत तलाकपीडित बाईला गप्प बसवतो, वक्फच्या जमिनीचा हिशेब विचारणाऱ्या तरुणाला फितूर ठरवतो. दोघांचं दुकान एकाच मालावर चालतं. आपण दिशा विचारू नये, एवढीच दोघांची अपेक्षा असते. मार्टिनसन यांच्या काव्यात मीमा मोडल्यावर शेफोने देखभाल करणाऱ्या मीमारोबलाच कैदेत टाकतो. खरं दाखवणारी गोष्ट बंद पडली की दोष तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसावर ढकलायचा. आपल्या सुधारकांना हा अनुभव नवा नाही. १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या हमीद दलवाईंच्या वाट्याला काय काय आलं, ते या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

अनियाराशी माझा एक मतभेद आहे, तोही मोकळेपणाने मांडतो. तिच्यात परतीची वाट नाही. काव्यातला खगोलशास्त्रज्ञ यानाची तुलना जाड काचेत अडकलेल्या बुडबुड्याशी करतो. बुडबुडा काचेतून सरकत असतो, पण इतका सावकाश की तो जागच्या जागीच आहे असं वाटावं. ही उपमा मनातून जात नाही, इतकी ती खरी आहे. पण यानातली माणसं पृथ्वी सोडून गेलेली आहेत. आपण गेलेलो नाही. आपण अजून डोरिसच्या खोऱ्यातच आहोत. ही नदी, हा दुष्काळ, ही नगरपालिका, ही झेडपीची शाळा, हे संविधान, सगळं आपल्या हाताच्या अंतरावर आहे. कयामत समोर दिसत असली तरी हातातलं रोप लावून टाकावं, ही शिकवण आपण लहानपणापासून हदीसमध्ये ऐकत आलो. जमीन ही अल्लाहने माणसाकडे सोपवलेली अमानत आहे, हेही ऐकत आलो. अनियाराच्या प्रवाशांकडे रोप लावायला माती नव्हती. आपल्याकडे आहे. म्हणून ही कलाकृती मी नशिबाचा निवाडा म्हणून घेत नाही, इशारा म्हणून घेतो. पोर तापाने फणफणलं असताना जो हकीम ‘काही नाही, ठीक होईल’ म्हणतो तो गोड वाटतो. जो खरा आकडा सांगतो त्याचा राग येतो. पण औषध त्याच्याकडूनच मिळतं.

दोन आक्षेप येतील. पहिला, मुसलमानांनी संगीतात पडावं का? यावर उलेमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत आणि ते या लेखात मिटणार नाहीत. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. दुःखाचं दीर्घकाव्य लोकांसमोर लयीत सादर करायचं, ही रीत आपल्याला कुणी स्वीडनहून आणून द्यायची गरज नाही. मर्सिया काय आहे? १९व्या शतकात लखनौला मीर अनीस यांनी करबलाची तहान, तिथला एकेक निरोप, एकेक मृत्यू शेकडो कडव्यांत उभा केला. मर्सिया ऐकणाऱ्याला खोटी तसल्ली मिळत नाही. शेवटी पाणी मिळालं, असं कुठलाही मर्सिया सांगत नाही. तरीही माणूस तो ऐकून उठतो तेव्हा जुलमासमोर मान न झुकवण्याचं बळ घेऊन उठतो. आणि हे फक्त शिया घरांपुरतं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून काढतात. अनियारा हा पृथ्वीचा मर्सिया आहे, असं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप, ‘आमच्या घरात उद्याच्या भाड्याची पंचाईत आहे, तुम्ही अंतराळ काय सांगता?’ हा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर बार्शीच्या एका माणसाने देऊन ठेवलंय. मेहबूब पटेल म्हणून जन्मलेला, शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेला. गरिबीतून आलेला, मजुरी केलेला. ज्या १९६० साली तिकडे टीव्हीवर अनियारा दिसली, त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं, आणि त्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांच्या कलापथकाचा डफ गावोगावी वाजला होता. भाड्याची पंचाईत असलेल्या लोकांसमोरच तो वाजला. पोटाचा प्रश्न आहे म्हणून गाणं नको, असं त्या लोकांनी म्हटलं नाही. आपला प्रश्न कुणीतरी मोठ्याने, खणखणीत आवाजात म्हणावा याचीच ते वाट पाहत होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. फोन फेकून द्या, असं मी सांगणार नाही. त्यातली मीमा आपल्याला जे दाखवते त्याबद्दल तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. हे खरं आहे का? खरं असेल तर यातलं माझ्या हातात काय आहे? आणि हे पाहून मी उद्या सकाळी काय वेगळं करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती क्लिप पुढे पाठवू नये.

आणि दुसरं, आपण स्वतः काही बनवू. आपल्या पोरापोरींकडे आज कॅमेरा आहे, एडिटिंगचं ॲप आहे, आवाज आहे, मराठी आहे, उर्दू-दखनी आहे. त्यातून नात आणि कव्वाली येतेच, येऊ दे. पण मोहल्ल्यातल्या पाण्यावर रॅप यावा. शाळा सुटलेल्या मुलींवर पोवाडा यावा. यंत्रमागाच्या खडखडाटात खोकणाऱ्या बापाच्या आवाजाचं संगीत व्हावं, जसं ब्लोमडाल यांनी टेपमधून केलं. मर्सियाच्या चालीत एखाद्या आटलेल्या नदीचं दुःख यावं. दहा मिनिटांचं असलं तरी चालेल, कच्चं असलं तरी चालेल. अट एकच. पाहणाऱ्याला खोटी तसल्ली द्यायची नाही, आणि त्याला घाबरवून सोडून पण द्यायचं नाही.

एका अनाथ खलाशाचं काव्य एका संगीतकाराने उचललं, आणि एका लहानशा देशाच्या एकुलत्या एक वाहिनीने ते घराघरांत नेलं. आपल्याकडे वाहिन्या हजार आहेत. त्यांतली एखादी तरी आपल्याच माणसांना आपलीच हकीकत सांगण्यासाठी वापरू या.